शेजारच्या क्रेनची खबर कुणी द्यायची?

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी सव्वासातला मला आमच्या रुग्णालयाच्या गच्चीवरून फोन आला. हेलिपॅडची सकाळची पाहणी करणारा कर्मचारी बोलत होता. शनिवार-रविवारी शेजारच्या भूखंडावर उंच क्रेन उभी राहिली आहे आणि तिचा हात हेलिकॉप्टरच्या वाटेत आलेला दिसतो, एवढेच त्याने सांगितले. मी वर गेलो तेव्हा कठड्यावर अजून दव गोठलेले होते, वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी विंड सॉक ईशान्य वाऱ्याने ताठ झाला होता आणि पॅडच्या कडेची पोलादी जाळी थरथरत होती. क्रेन नैऋत्येला होती. दिवसाचे काम संपल्यावर क्रेनचालक तिचा ब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे आडवा हात वाऱ्याबरोबर आपोआप फिरतो आणि मनोऱ्यावर ताण येत नाही. त्यामुळे तो हात नेमका वाऱ्याच्या रेषेत होता, आणि वाऱ्याच्या दिवसांत हेलिकॉप्टरही त्याच रेषेने उतरत असते.

मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि गेली अठरा वर्षे मध्य न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाच्या इमारत विभागात काम करतो. आमचे हेलिपॅड सहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर, जमिनीपासून ९६ फुटांवर, म्हणजे सुमारे २९ मीटर उंचीवर आहे. त्याच्या परवानग्यांची फाइल मी पहिल्या कागदापासून हाताळली आहे, आणि अमेरिकेत रुग्णालयाच्या हेलिपॅडवर किती कायदे लागू होतात हे मला चांगले ठाऊक होते, निदान त्या सकाळपर्यंत मी तसे समजत होतो. त्या दिवशी दुपारपर्यंत मी तीन सरकारी कार्यालयांना फोन केले. तिन्ही ठिकाणी सौजन्याने उत्तर मिळाले, तिन्ही उत्तरे आपापल्या नियमांप्रमाणे बरोबर होती, आणि क्रेन मात्र होती तिथेच राहिली. हे कसे घडते ते नीट मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे, कारण रुग्णालयाजवळ राहणाऱ्या आणि टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाच्या, सभांना जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आमच्या भागात मोठी आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर अखेर त्या सभांमध्येच ठरते.

आधी आकाशाची बाजू. अमेरिकेच्या हवाई क्षेत्रावर संघीय सरकारची सत्ता आहे आणि ती फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, चालवते. त्यामुळे हेलिपॅडला परवानगीही एफएएच देत असणार, असे जवळजवळ सर्वांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. संघीय नियमावलीच्या १५७ व्या भागाप्रमाणे हेलिपॅड बांधायचे असेल, बदलायचे असेल किंवा बंद करायचे असेल, तर ७४८०-१ क्रमांकाचा अर्ज भरून ९० दिवस आधी एफएएला कळवावे लागते. एफएए मग त्या जागेचा अभ्यास करते: जवळपास दुसरा विमानतळ आहे का, येण्याजाण्याच्या वाटा कुठल्या वाहतुकीला छेदतात, आसपास मनोरे किंवा तारा आहेत का. त्यानंतर हरकत नाही, अटींवर हरकत नाही किंवा हरकत आहे, असा अभिप्राय मिळतो. हा अभिप्राय हवाई क्षेत्राच्या वापरापुरता असतो. जमिनीवर ते पॅड असावे की नसावे, शेजाऱ्यांची झोप, शाळा, रस्ता, अग्निशमन यांचे काय, याबद्दल एफएए काही ठरवत नाही, आणि अभिप्रायाच्या पत्रात तसे लिहिलेलेही असते. आणीबाणीत, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असेल तर, ९० दिवसांची वाट न पाहता दूरध्वनीवरून सूचना देण्याची सोय याच भागात आहे. एखाद्या जागेचा वापर आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस नसेल आणि दिवसात दहापेक्षा जास्त उड्डाणे व उतरणी होणार नसतील, तर चांगल्या दृश्यमानतेतल्या अशा अधूनमधूनच्या वापरासाठी ती सूचनाही लागत नाही.

पॅड कसे असावे याचे तपशील एफएएच्या हेलिपोर्ट आराखड्याच्या सल्लापत्रकात आहेत. त्याची सध्याची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये निघाली, त्याआधीची एप्रिल २०१२ ची होती, आणि आमचे पॅड त्या जुन्या आवृत्तीप्रमाणे बांधलेले आहे. नावाप्रमाणे ते सल्ला देणारे पत्रक आहे. संघीय अनुदान घेतलेले असेल, किंवा एखाद्या राज्याने वा गावाने आपल्या नियमांत त्याचा समावेश केला असेल, तरच ते बंधनकारक होते. असे असले तरी या पत्रकाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या तरी प्रत्यक्ष अनुभवातून आलेली दिसते. हेलिकॉप्टर जिथे टेकते ती जागा रुग्णालयाच्या बाबतीत किमान ४० फुटांची असावी, आणि तिच्याभोवतीचे अंतिम उतरणीचे क्षेत्र हेलिकॉप्टरच्या एकूण लांबीच्या दीडपट असावे, असे २०१२ ची आवृत्ती सांगते. खाली टेकताना जोरात आदळले तर बसणारा धक्का धरून रचनेचा हिशेब हेलिकॉप्टरच्या वजनाच्या दीडपटीने करायचा असतो. येण्याजाण्याच्या शक्यतो दोन वाटा असाव्यात आणि त्यांच्यात किमान १३५ अंशांचे अंतर असावे, कारण हेलिकॉप्टरला शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उतरावे लागते आणि वारा काही एकाच दिशेने वाहत नाही.

आमच्या गच्चीवरची एक पाटी पाहुण्यांना नेहमी कोड्यात टाकते. इमारतीत एमआरआयचे यंत्र आहे असा इशारा वैमानिकाला उद्देशून तिच्यावर लिहिलेला आहे. एमआरआयचे चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की जवळून जाताना हेलिकॉप्टरचा चुंबकीय होकायंत्र काही काळ भरकटू शकतो, म्हणून अशी पाटी लावावी असे सल्लापत्रक सुचवते. पॅडच्या कडेची जाळीही तिथूनच आलेली आहे. ती किमान पाच फूट रुंद असावी, चौरस फुटाला २५ पौंड भार तिने पेलावा, आणि पॅडच्या पातळीच्या वर तिचा कोणताही भाग येऊ नये. शेवटची अट महत्त्वाची, कारण माणूस पडू नये म्हणून नेहमीसारखा उभा कठडा लावला तर हेलिकॉप्टरचे पाय त्याला अडकण्याचा धोका असतो.

ताज्या हवेच्या झरोक्यांबद्दलचा परिच्छेद मात्र आम्ही बांधकामाच्या वेळी पुरेशा गांभीर्याने वाचला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पॅड सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ठेवतात त्या कक्षातल्या परिचारिकांनी रॉकेलचा वास येतो अशी तक्रार केली. वास मिनिटभर येई आणि जाई. आम्ही आधी प्रयोगशाळेतली रसायने तपासली, मग डिझेल जनरेटर तपासला. शेवटी एका परिचारिकेने वास आल्याच्या वेळा कागदावर लिहून ठेवल्या, तेव्हा त्या हेलिकॉप्टर उतरण्याच्या वेळांशी जुळल्या. गच्चीवरच्या हवा ओढणाऱ्या यंत्राचे तोंड पॅडपासून जेमतेम ६० फुटांवर होते आणि टर्बाइनचा धूर थेट आत ओढला जात होता. झरोके हलवावेत, ते शक्य नसेल तर कोळशाच्या गाळण्या बसवाव्यात किंवा हेलिकॉप्टर असेपर्यंत बाहेरची हवा बंद ठेवण्याची सोय करावी, असे पत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही गाळण्या आणि झडपा दोन्ही बसवल्या. बांधतानाच केले असते तर निम्म्या खर्चात झाले असते आणि नुकत्याच शुद्धीवर येणाऱ्या रुग्णांना तो वास सोसावा लागला नसता.

आता जमिनीची बाजू. एफएए आणि गाव यांच्या मध्ये राज्य उभे असते, आणि प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या वाहतूक खात्याचा परवाना लागतो. मात्र रुग्ण घेऊन होणाऱ्या उतरणी वर्षभराच्या सरासरीने महिन्याला सहापेक्षा जास्त नसतील, आणि ती जागा सार्वजनिक सुरक्षा यंत्रणेने वैद्यकीय उतरणीसाठी नेमून दिलेली असेल, तर त्या परवान्यातून सूट मिळते. न्यू जर्सीत राज्याच्या वाहतूक खात्याचा हवाई विभाग परवाना देतो आणि आमच्यासारख्या मर्यादित सोयींच्या जागेला हेलिपोर्ट न म्हणता हेलिस्टॉप म्हणतो. फॉर्मवर चुकीचा शब्द लिहिला तर अर्ज परत येतो, म्हणून हा फरक मी लवकर शिकलो.

राज्य आणि गाव यांच्यातली सीमारेषा न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आखून दिली आहे. हॉथॉर्न गावातल्या गार्डन स्टेट फार्म्स या कंपनीचे हेलिस्टॉप आणि गावाचे झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर कोणता वापर चालेल याचे नियम, यांच्यातला तो वाद होता. गावाला झोनिंगच्या अधिकारात हेलिस्टॉपचा विचार करता येतो, पण जागेबद्दलचा अंतिम अधिकार राज्याच्या वाहतूक आयुक्तांचा आहे, आणि तो वापरताना आयुक्तांनी गावाची बाजू समजून घेऊन तिला वजन दिले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो निकाल शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीत नको म्हटले तर राज्यात एकही पॅड उरणार नाही, आणि गावाला विचारलेच नाही तर शाळेच्या मैदानावरून वाट आखली जाईल.

आमच्या टाउनशिपच्या झोनिंगमध्ये रुग्णालय हा त्या भूखंडावर मान्य वापर होता, परंतु हेलिस्टॉपचा उल्लेख कुठेच नव्हता, त्यामुळे तो वेगळा वापर धरून व्हेरियन्स, म्हणजे झोनिंगच्या नियमातून खास सूट, मागावा लागला. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे त्यासाठी २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि झोनिंग बोर्डाच्या पाच सदस्यांची अनुकूल मते पडावी लागतात. रुग्णालय हा मुळातच लोकहिताचा वापर आहे असे कायदा मानतो. अशा वापराच्या बाबतीत बोर्डाने काय तोलायचे हे वॉल टाउनशिपविरुद्धच्या सिका खटल्यात १९९२ मध्ये ठरले: लोकहित किती मोठे आहे, शेजाऱ्यांना होणारा त्रास कोणता, वाजवी अटी घालून तो त्रास कमी करता येईल का, आणि एवढे करून पारडे कुठल्या बाजूला झुकते. तो खटलाही डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या पुनर्वसन केंद्राबद्दलचा होता.

सुनावण्या चार झाल्या. दुसऱ्या सुनावणीला मागच्या गल्लीतल्या एक आजीबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान आजारी होते आणि त्यांची झोपण्याची खोली पॅडच्या बाजूला होती. रात्री दहानंतर हेलिकॉप्टर उतरवू नका, एवढीच त्यांची मागणी होती, आणि सभागृहात बसलेल्या कुणालाही ती अवाजवी वाटली नाही. बोर्डाच्या वकिलांनी समजावले की उड्डाणाच्या वेळांवर गाव पोलिसी अधिकाराने बंदी घालू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत जेट विमानांच्या उड्डाणांवर घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली, कारण विमानांच्या आवाजाचे नियमन संघीय सरकारने पूर्णपणे आपल्याकडे घेतलेले आहे. विमानतळ ज्याच्या मालकीचा आहे त्याचे अधिकार या निकालाने ठरवले नव्हते. म्हणून पॅडचा मालक या नात्याने रुग्णालयाने स्वतःहून काही गोष्टी मान्य केल्या. पॅडवर इंजिन विनाकारण चालू ठेवायचे नाही, सरावाची उड्डाणे दिवसाच करायची, रुग्ण नसताना प्रशासकीय कामासाठी उतरायचे नाही, आणि शक्य असेल तेव्हा घरांवरून न येता महामार्गावरून यायचे. रात्रीच्या रुग्णाला मात्र नाही म्हणणार नाही, असे आमच्या वैद्यकीय संचालकांनी आजीबाईंकडे पाहून सांगितले, आणि त्यांनी मान हलवली.

आवाज कमी करण्यासाठी आखलेल्या वाटा ही शेजाऱ्यांना खूश ठेवण्यापुरती बाब आहे असे काही वैमानिकही मानतात. २९ जून २००८ रोजी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहरात एकाच रुग्णालयाकडे येणारी दोन वैद्यकीय हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळली आणि दोन्हीतले मिळून सात जण गेले. दोन्ही वैमानिकांनी एकमेकांना पाहिले नाही, हे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण दिले. सोबतची कारणे अशी होती: एका वैमानिकाने त्या पॅडसाठी ठरवलेली येण्याची आणि आवाज कमी ठेवण्याची वाट पाळली नाही, आणि दुसऱ्याने संपर्काची ठरलेली पद्धत पाळली नाही. आमच्या बोर्डापुढे मी हा अहवाल वाचून दाखवला होता. ज्या पॅडवर नियंत्रण मनोरा नाही, तिथे कोण कुठून येणार हे सर्वांनी आधी ठरवणे आणि पाळणे एवढाच वाहतुकीचा आधार असतो.

अग्निसुरक्षेचा भाग गावाच्या अग्निशमन अधिकाऱ्याकडे असतो. गच्चीवरच्या पॅडसाठी राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे ४१८ क्रमांकाचे मानक आहे. पॅडवरून खाली जायला दोन वेगळे मार्ग, सांडलेले इंधन दरवाजांकडे न जाता उलट दिशेला वाहील असा उतार, आणि फेसाची यंत्रणा हे त्याचे मुख्य मुद्दे. इमारत संहितेतही हेलिस्टॉपवर एक कलम आहे, आणि त्यावरून आमचा आराखडा तपासणाऱ्यांशी थोडा वाद झाला. संहिता २० फूट म्हणते तर तुम्ही एवढे मोठे पॅड का दाखवता, असा त्यांचा प्रश्न होता. संहितेतली २० फुटांची मर्यादा ३,५०० पौंडांपेक्षा हलक्या हेलिकॉप्टरसाठी आहे. न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांचे रुग्णवाहू एडब्ल्यू १३९ हेलिकॉप्टर कमाल भारासह त्याच्या जवळजवळ चौपट वजनाचे असते आणि त्याची एकूण लांबी ५४ फुटांहून अधिक आहे. संहितेतला आकडा चुकीचा नाही, तो लहान हेलिकॉप्टरचा आहे एवढेच. ते समजावून सांगायला एक बैठक पुरली.

पॅडच्या सिमेंटवर आणखी एक संघीय कायदा लागू आहे, आणि तो विमानांशी संबंधित नाही, म्हणून त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आपत्कालीन रुग्णाला तपासल्याशिवाय परत पाठवू नये, असा १९८६ चा कायदा इथल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला बांधतो आणि तो रुग्णालयाच्या आवाराला लागू होतो. मग दुसऱ्या लहान रुग्णालयातला रुग्ण फक्त हेलिकॉप्टरमध्ये चढवण्यासाठी आमच्या पॅडवर आणला, तर तो आमचा रुग्ण झाला का? संघीय मार्गदर्शन असे आहे की केवळ पॅड वापरल्याने ती जबाबदारी येत नाही, परंतु सोबतच्या वैद्यकीय पथकाने मदत मागितली तर त्या क्षणापासून ती येते. आमच्या आपत्कालीन विभागातल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि दोन वर्षांपूर्वी एका बर्फाळ रात्री त्याचा उपयोगही झाला. एका बाईंचा श्वास पॅडवरच अडखळला, सोबतच्या परिचारिकेने हात वर केला, आणि आमचे पथक दीड मिनिटात वर पोहोचले.

खालच्या माणसांचा विचार करणारे नियम मात्र मला अजून अपुरे वाटतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात डेरिफर्ड रुग्णालयाच्या वाहनतळावर ४ मार्च २०२२ रोजी तटरक्षक दलाच्या मोठ्या हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या झोताने एक ८७ वर्षांच्या बाई खाली पडल्या आणि त्या दगावल्या. त्या पॅडवर नव्हत्या, पॅडजवळच्या सार्वजनिक वाहनतळावर होत्या. ती बातमी वाचल्यावर मी आमच्या गच्चीखालच्या वाहनतळावर प्रत्येक उतरणीच्या वेळी दोन आठवडे उभा राहिलो. बहुतेक वेळा काही जाणवले नाही. एकदा एडब्ल्यू १३९ दक्षिणेकडून जरा खालून आले, तेव्हा कचरापेटीचे झाकण उडून एका गाडीच्या बोनेटवर पडले. त्या ओळीतल्या आठ जागा आम्ही कायमच्या बंद केल्या. हे करायला कोणताही नियम सांगत नव्हता.

आता पुन्हा क्रेनकडे येतो. संघीय नियमावलीचा ७७ वा भाग हवाई वाटांमधल्या अडथळ्यांबद्दल आहे. जमिनीपासून २०० फुटांपेक्षा उंच काहीही उभारायचे असेल, तात्पुरती क्रेनही, तर ४५ दिवस आधी एफएएला ७४६०-१ क्रमांकाची सूचना द्यावी लागते. विमानतळाजवळ आणि हेलिपोर्टजवळ याहून कमी उंचीलाही सूचना लागते. हेलिपोर्टच्या बाबतीत ५,००० फुटांपर्यंत, दर २५ फूट अंतराला एक फूट उंची या उताराने. वाचताना वाटते की आपण सुरक्षित आहोत. पण कुठले हेलिपोर्ट यात धरायचे, याची यादी पुढे दिलेली आहे: सार्वजनिक वापराची, लष्कराची किंवा संघीय सरकारची, आणि ज्यांना एफएएने मान्य केलेली किमान एक उपकरणांवर आधारित उतरणीची पद्धत आहे ती. रुग्णालयांची बहुतेक पॅड खाजगी वापराची म्हणून नोंदलेली असतात आणि अशी पद्धत अनेकांकडे नसते. आमच्याकडे नव्हती.

त्यामुळे हिशेब असा झाला. पॅडची वाट दर आठ फूट अंतराला एक फूट या उताराने वर चढते. क्रेन पॅडच्या कडेपासून ४८० फुटांवर, म्हणजे तिथे पॅडच्या वर ६० फूट, जमिनीपासून १५६ फूट इतकी उंची मोकळी हवी होती. क्रेनचे टोक १८५ फुटांवर होते. ती आमच्या वाटेत २९ फूट घुसलेली होती आणि २०० फुटांच्या मर्यादेत मात्र १५ फुटांनी बसत होती. जवळपास सार्वजनिक विमानतळ नाही. ठेकेदाराला एफएएला कळवण्याची गरज नव्हती. राज्याचा परवाना आमच्या पॅडवर आहे, शेजाऱ्याच्या जमिनीवर नाही. वाट अडलेली असेल तर राज्य आमचेच पॅड थांबवायला सांगू शकते. टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयाने इमारतीला रीतसर परवानगी दिली होती, आणि अर्ज तपासताना हेलिपॅडची वाट पाहा असे त्यांना सांगणारा एकही नियम नव्हता. कुणाची चूक म्हणून बोट दाखवावे असे या साखळीत कुणीच नव्हते, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ याच गोष्टीने केले.

ठेकेदाराचा देखरेख करणारा माणूस समजूतदार होता. मी नकाशा घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले की हे कुणी आधी का सांगितले नाही. त्याच आठवड्यात क्रेनच्या टोकाला लाल दिवा लागला आणि हेलिकॉप्टर येण्याआधी दूरध्वनी करून हात बाजूला वळवण्याची व्यवस्था ठरली. परंतु सोडून ठेवलेला हात रात्री वळवायला क्रेनचालकच हजर लागतो. म्हणून ईशान्य वाऱ्याच्या रात्री नैऋत्येची वाट आम्ही बंद ठेवली, आणि आमच्या किनाऱ्यावर हिवाळा सरताना मोठी वादळे नेमक्या त्याच वाऱ्याची येतात. अकरा आठवड्यांत पाच वेळा हेलिकॉप्टरला दीड मैलावरच्या मैदानावर उतरावे लागले. अग्निशमन दलाने मैदान मोकळे करायचे, रुग्णाला रुग्णवाहिकेत चढवायचे, पुन्हा आमच्या दारात उतरवायचे. प्रत्येक वेळी अठरा ते पंचवीस मिनिटे वाढली. ते पाचही रुग्ण वाचले, आणि त्याबद्दल मी त्या मैदानावर थंडीत उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांचा ऋणी आहे.

दोन उपाय आम्ही सुरू केले आहेत. पहिला, उपग्रहांवर आधारित उपकरण-पद्धत एफएएकडून मान्य करून घेणे. तिचा मूळ हेतू कमी दृश्यमानतेत उतरता यावे हा आहे, पण ती मिळाली की ७७ व्या भागातल्या यादीत आमचे पॅड येईल आणि शेजारच्या अशा क्रेनला सूचना देणे बंधनकारक होईल. तेवढ्यावर मी विसंबून नाही. अडथळा धोकादायक आहे असे एफएए कागदावर लिहू शकते, पण बांधकाम थांबवण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार बांधकामाला परवानगी देणाऱ्या गावाकडे आहे. म्हणून दुसरा उपाय टाउनशिपच्या दारात आहे. झोनिंगच्या नकाशावर पॅडच्या दोन्ही वाटांचे पट्टे आखायचे, आणि त्या पट्ट्यात ठरावीक उंचीपेक्षा वर जाणारी इमारत, मनोरा किंवा क्रेन असेल तर परवानगीपूर्वी रुग्णालयाला कळवायचे, असा अध्यादेशाचा मसुदा मी आणि टाउनशिपच्या नियोजनकाराने मिळून लिहिला आहे. आम्ही बांधकामाला बंदी मागितलेली नाही. पट्ट्यातल्या भूखंडांवर शेजाऱ्यांनी घरे बांधू नयेत असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही.

पहिले वाचन गेल्या महिन्यात झाले. कायद्याप्रमाणे मसुदा नियोजन मंडळाकडे गेला आहे आणि त्यांना अभिप्रायासाठी ३५ दिवस आहेत. मंडळाने मला दोन प्रश्न लेखी पाठवले आहेत. वाटेत आधीच उभ्या असलेल्या दोन जुन्या ओक वृक्षांचे काय, आणि कळवल्यानंतर रुग्णालयाने किती दिवसांत उत्तर द्यायचे. ओकची उंची मी शनिवारी मोजून आलो. उंच झाड ७१ फुटांचे आहे आणि पट्ट्याच्या कितीतरी खाली आहे. उत्तराची मुदत मी पाच कामकाजाचे दिवस अशी सुचवली आहे. दुसरे वाचन आणि जनसुनावणी पुढच्या महिन्यात तिसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला, टाउनशिपच्या सभागृहात आहे. मागच्या गल्लीतल्या आजीबाईंना मी फोन करून कळवले आहे. त्यांचे यजमान आता नाहीत, पण त्या येणार आहेत.